स्वतंत्र क्युरेटर

समकालीन कलेच्या प्रदर्शनाची कल्पना मांडणारी, कलाकृती निवडून त्यांची मांडणी करणारी व त्यांविषयी लिहिणारी, पण संग्रहालयाच्या वा गॅलरीच्या नोकरीत नसलेली व्यक्ती. स्वित्झर्लंडचे हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये बर्न येथील कुन्स्टहाले या कलादालनाचे संचालकपद सोडले, पुढे १९७२ चे पाचवे 'डॉक्युमेंटा' हे जर्मनीतील समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन घडवले आणि या पेशाला ओळख मिळाली. भारतात १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनासाठी कलासमीक्षक गीता कपूर यांनी लिहिलेला निबंध महत्त्वाचा. भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन आदी सहा चित्रकारांच्या कामात माणसाची आकृती का परतली, हे त्यात उलगडले.

मराठवाड्यात अजिंठा-वेरूळचा दबदबा एवढा, की इथल्या कलेचा विषय निघाला की बोलणे वाकाटक-राष्ट्रकूटांपाशीच थांबते. आज लातूर-नांदेडला घरातल्याच एका खोलीत चित्रे काढणाऱ्याबद्दल मराठीत दोन पाने मिळणेही मुश्कील. त्यामुळे इथे क्युरेटर आधी लेखक असावा लागतो. चित्रकाराकडे वारंवार जाणे, जुन्या वह्या आणि अर्धवट टाकलेली कामे पाहणे, बोलणे टिपून ठेवणे, यांतूनच निवड पक्की होते. दुष्काळ हा विषय घेतला, तर भेगाळलेल्या जमिनीची चित्रे हवी तेवढी मिळतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचा सबंध दिवस कोणी रंगवला आहे का, हे शोधण्यात खरी मेहनत आहे. भिंतीवरचा मजकूर तिलाही वाचता यावा, इतका सरळ हवा.

सुसज्ज दालन नसेल तेव्हा शाळेचा हॉल किंवा नाट्यगृहाचा व्हरांडा वापरता येतो, मात्र हवा आणि उजेड सांभाळावा लागतो. कागदावरील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू नये. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते. कागदाला लाटा येतात, कॅनव्हास सैल पडतो. म्हणून चित्र ताब्यात घेताना आणि परत देताना त्याची अवस्था लिहून, फोटो काढून देणारा व घेणारा अशा दोघांच्या सह्या घेतात. विमा, वाहतूक, छपाई यांचा हिशोब आधीच मांडतात. चित्रकाराचे मानधन आणि लेखनाचा मोबदला त्याच अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरले पाहिजेत; मागाहून त्यासाठी पैसे उरत नाहीत.