भूकंपांची चांद्र प्रेरितता

चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे भूकवचात ठरावीक कालावधीने कमीजास्त होणारी प्रतिबले (खडकावरील ताण वा दाब) निर्माण होतात. या प्रतिबलांमुळे भूकंपांच्या वारंवारतेत होणाऱ्या संभाव्य बदलास ही संज्ञा वापरतात. ‘प्रेरितता’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने घ्यावयाचा आहे. विभंगावर (ज्या भेगेवर खडक सरकून भूकंप होतो तिच्यावर) साठणारी ऊर्जा भूपट्टांच्या हालचालींतून येते, ती चंद्र पुरवीत नाही. तुटण्याच्या बेतात आलेला विभंग चंद्रामुळे काही तास वा काही दिवस आधी सरकतो काय, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

कारणीभूत असते ते एकूण आकर्षण नव्हे, तर पृथ्वीच्या दोन बाजूंवरील आकर्षणांतील फरक. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा दीडशेहून अधिक पट जोराने ओढतो, तरी त्याचे भरतीकारक बल चंद्राच्या निम्म्याहूनही कमी भरते. कारण हे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. याच नियमामुळे चंद्र उपभू स्थानी (पृथ्वीच्या सर्वांत जवळ) असताना त्याचे बल अपभू (सर्वांत दूरच्या) स्थानापेक्षा जवळजवळ दीडपट होते. अमावास्या-पौर्णिमेस दोन्ही बले एकवटून उधाण येते व अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत कमी भरती) पडतो, हे कोकणातील कोळ्यांना ठाऊकच असते. घन भूपृष्ठही समुद्राप्रमाणे दिवसातून दोनदा वर-खाली होते. विषुववृत्तीय पट्ट्यात हा चढउतार सुमारे 30 सेंमी. असतो, पण परिसर सगळाच उचलला जात असल्याने तो जाणवत नाही.

त्यातून खडकात येणारे प्रतिबल 1 ते 4 किलोपास्कालच्या (दाबाचे एकक) घरातले असते. भूकंपात मोकळे होणारे प्रतिबल त्याच्या हजारपटीच्या आसपास असते. कोल्हापूरकरांच्या परिचयाचे माप घ्यायचे तर, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. नदी एवढे चार फूट चढली की तळावरचा भार सुमारे 12 किलोपास्कालने वाढतो. म्हणजे घन भूभरतीच्या कित्येक पट भार एका पुरात येतो. (अर्थात पुराचा भार पात्रापुरता असतो, भूभरती सर्व खोलीवर एकाच वेळी काम करते, तुलना केवळ आकाराची.) समुद्रकिनाऱ्यालगत मात्र भरतीच्या पाण्याचा भारही मिळत असल्याने तेथील प्रतिबल बरेच मोठे होऊ शकते.

या कल्पनेचा उगम भारतीय ज्योतिषात असल्याचे कधी कधी सांगितले जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) भूकंपलक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात जलचर महाप्राणी, पृथ्वीच्या भाराने थकलेल्या दिग्गजांचे निःश्वास, वाऱ्यांची टक्कर अशी पूर्वाचार्यांची मते देऊन वायू, अग्नी, इंद्र व वरुण अशी चार मंडले नक्षत्रांनुसार पाडली आहेत. नक्षत्र चंद्राचे असल्याने संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि ही मांडणी मुख्यतः भूकंपाचे फल सांगण्यासाठी आहे, कारण सांगण्यासाठी नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आधुनिक अर्थाने पहिली आकडेवारी फ्रान्समधील आलेक्सी पेरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, चंद्र उपभू स्थानी असताना आणि तो याम्योत्तरवृत्तावर (आकाशातील दक्षिणोत्तर रेषेवर) असताना भूकंप अधिक होतात, असे त्यांचे तीन निष्कर्ष होते. पुढे कारगिल नॉट यांनी जपानमधील नोंदींत चांद्र आवर्तने दाखविली. 1897 मध्ये आर्थर शुस्टर यांनी त्यावर मूलगामी आक्षेप घेतला. निव्वळ यदृच्छेने घडणाऱ्या घटनांतही थोडे आवर्तन दिसतेच. ते अपेक्षेपेक्षा किती मोठे आहे हे तपासल्याविना निष्कर्ष काढता येत नाही. त्यांची कसोटी आजही त्यांच्याच नावाने वापरली जाते. ती लावताना पश्चात्-धक्के यादीतून वगळावे लागतात, कारण एका मोठ्या भूकंपामागून येणारे शेकडो धक्के एकाच पंधरवड्यात पडून संपूर्ण गणित फिरवतात. जुन्या कित्येक अभ्यासांचा दोष हाच होता.

पुढील निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, पण ते वेगवेगळ्या विभंगांविषयी आहेत हे लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियातील सुमारे 13 हजार भूकंपांच्या 1998 मधील अभ्यासात अनुकूल वेळी वारंवारता जेमतेम 2 टक्क्यांनी जास्त आढळली, व ती यदृच्छेपासून वेगळी काढता आली नाही. 2004 मध्ये एलिझाबेथ कोक्रन, जॉन विडाल व साचिको तानाका यांनी सागरी खंदकांलगतचे उथळ भूकंप तपासले. तेथे भरतीचे प्रतिबल अतितीव्र असताना वारंवारता जवळजवळ तिपटीपर्यंत बदलते असे दिसले. 2016 मधील जपानी अभ्यासाने, भरती-प्रतिबल मोठे असताना लहान धक्क्याचे मोठ्या भूकंपात रूपांतर होण्याची शक्यता किंचित वाढते, असे सुचविले. उलट 2018 मध्ये सुझन हॉफ यांना भूकंपमान 8 व त्याहून मोठ्या भूकंपांत कोणत्याही चांद्र तिथीचे प्राबल्य आढळले नाही. परिणाम खरा, पण ठरावीक भूरचनेपुरता व अल्प, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भूकंप जुळून येण्यास लागणारा काळ भरतीच्या बारा तासांपेक्षा पुष्कळ मोठा असल्याने विभंग त्या आवर्तनास दाद देत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते.

कोल्हापूरपासून कोयनानगर हवाई अंतराने सुमारे 90 किमी. आहे, वारणा जलाशय त्याहून जवळ. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वा. 21 मिनिटांनी झालेल्या कोयना भूकंपाच्या (भूकंपमान 6.3) वेळी पौर्णिमा सहा दिवसांवर होती व चंद्र मावळलेला होता. किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993) मात्र अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, पौर्णिमेच्या तोंडावर झाला. भुजचा (26 जानेवारी 2001) मौनी अमावास्येनंतर दोन दिवसांनी. अशी उदाहरणे लक्षात राहतात, कोयनेचे विसरले जाते. अमावास्या व पौर्णिमा धरून अलीकडचे-पलीकडचे दोन-दोन दिवस मोजले, तर महिन्याचा तिसरा हिस्सा होतो. तेव्हा तीनांतील एक भूकंप त्यात सापडणारच.

कोयना-वारणा परिसरात ठळक दिसते ती लय पाण्याची. 1961 च्या सुमारास शिवाजीसागर (कोयना धरणाचा जलाशय) भरू लागल्यानंतर येथे धक्के वाढले. 1985 पासून वारणा जलाशय भरत गेला, तसे कंपनक्षेत्र दक्षिणेकडे, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूस विस्तारले. हर्ष गुप्ता आदींच्या अभ्यासानुसार पावसाळ्यानंतर जलाशय भरल्यावर आणि पुढे पातळी उतरताना भूकंपांचे प्रमाण वाढते. जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटरनी बदलते, आणि पाणी भेगांतून झिरपून खोलवरील छिद्रदाबही (खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा दाब) वाढवते. या बदलापुढे चंद्राचे एक-दोन किलोपास्काल नगण्य ठरतात. या भूकंपांच्या अभ्यासासाठी कराड येथील संशोधन केंद्राने गोठणे येथे सुमारे 3 किमी. खोल प्रायोगिक छिद्र घेतले आहे.

चंद्रावर परिस्थिती उलटी आहे. अपोलो मोहिमांच्या उपकरणांनी 1977 पर्यंत नोंदविलेले 700 ते 1,200 किमी. खोलीवरील चंद्रकंप पृथ्वीच्या आकर्षणामुळे साधारण 27 दिवसांच्या अंतराने त्याच त्या जागी होत असल्याचे आढळले.