उपास घड्याळाचा की ताटाचा?

रविवारी मिसळ खायला निघालेल्या नाशिककरांच्या टोळक्यात हल्ली एक तरी जण असा असतो, की समोर ताट आलं तरी तो मोबाइलमधलं घड्याळ बघत बसतो. ‘अजून वीस मिनिटं आहेत माझी.’ आदल्या रात्री सव्वासातला जेवलेला असतो, सोळा तास सव्वाअकराला भरणार असतात. तोवर बाकीच्यांचे पापड मोडून झालेले असतात, रस्सा दुसऱ्यांदा आलेला असतो. मग एकदाची वेळ होते आणि हा गडी दोन पाव जास्तीचे मागवून, वर जिलबी घेऊन उपास सोडतो. याला सोळा-आठ म्हणतात. सोळा तास पोटाला सुट्टी, आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं.

इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे असं ठरावीक वेळ उपाशी राहणं, हा शब्द मराठी घरांत रुळण्याआधी त्याच कुळातली एक पद्धत घराघरांत पोचली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची. दिवसातून दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दर वेळी तोंडात काही टाकलं की इन्शुलिन स्रवतं, तेव्हा ‘किती खाल्लं’ याआधी ‘किती वेळा खाल्लं’ ते मोजा, असा तो विचार. जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले. दीक्षितांनी व्याख्यानं देत तो विचार गावोगावी नेला आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणत होत्या. ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न तेव्हा लग्नाच्या पंगतीतही निघायचा, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचे लोक वजन उतरल्याचं सांगायचे.

जगात या विषयाची हवा झाली ती २०१२ मध्ये. त्या वर्षी बीबीसीवर मायकल मोस्ली या डॉक्टर-पत्रकाराने आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं आणि दोन दिवस अगदी थोडं खाण्याचा प्रयोग स्वतःवर करून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुपकट खाणं दोन गटांना सारखंच, कॅलरीही सारख्याच. एका गटाने दिवसभर कधीही खायचं, दुसऱ्याने आठ तासांतच. पहिला गट लठ्ठ झाला, दुसरा बराच सडपातळ राहिला. सोळा-आठचे आकडे लोकप्रिय होण्यात या उंदरांचा मोठा वाटा आहे.

उंदीर त्याआधीही होतेच. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मकाय यांना दिसलं, की खाणं कमी मिळालेले उंदीर जास्त जगतात. १९४६ मध्ये शिकागोत कार्लसन आणि होल्झेल यांनी उंदरांना अधूनमधून पूर्ण दिवस उपाशी ठेवलं. दर तिसऱ्या दिवशी उपास घडलेल्यांचं आयुष्य सर्वांत जास्त वाढलं, नरांचं सुमारे २० टक्के, माद्यांचं १५ टक्के. मात्र उंदराचा एक दिवसाचा उपास माणसाच्या कितीतरी दिवसांच्या उपासाइतका जड असतो. माणसांतलं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरी यांचं. १९६५-६६ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिले आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आले. हे वाचून कुणाला हुरूप येत असेल तर त्याने आधी ‘देखरेखीखाली’ हा शब्द पुन्हा वाचावा.

इथवरचा इतिहास कोणत्याही लेखात सापडेल. नाशिकमध्ये मात्र घड्याळ लावून जेवणाऱ्यांचा पुरावा दगडात कोरलेला आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून पांडवलेणी दिसतात, ती त्रिरश्मी लेणी. तिथल्या बौद्ध भिक्खूंना विनयाचा, म्हणजे संघाच्या शिस्तीचा, नियम होता, मध्यान्हीनंतर अन्न घ्यायचं नाही. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ४००० कार्षापण नाण्यांना विकत घेतलेल्या एका शेताची नोंद आहे, त्या उत्पन्नातून या लेण्यात राहणाऱ्या सगळ्या भिक्खूंना अन्न मिळावं म्हणून. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर सोळा तासांहून मोठा उपास रोजचा होता, आणि त्यासाठी शेत राखून ठेवलेलं होतं. वजन हा त्यातला मुद्दाच नव्हता.

जैनांचा चोविहार त्याच जातीचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. त्यांचा वर्षीतप वर्षभराहून जास्त चालतो, एक दिवस उपास, एक दिवस जेवण, आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. आपल्याकडे चातुर्मासात धरणं-पारणं करणाऱ्या आज्या असत, तोही एक दिवसाआडचाच उपास. दिवसातून एकदाच जेवणं म्हणजे एकभुक्त. आज इंग्रजी नावांनी विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रकारांना जुनं नाव आहे. ‘नक्त’ हे व्रत मात्र वेगळं. त्यात दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं, म्हणजे आजच्या सल्ल्याच्या नेमकं उलट. आयुर्वेदातही लंघन, म्हणजे शरीर हलकं करणं, आहे, पण चरकाने त्याचे दहा प्रकार सांगितले आणि उपवास हा त्यातला फक्त एक. व्यायामही लंघनातच येतो.

मग या सगळ्याचं फराळात रूपांतर कधी झालं? सालवार सांगता येत नाही, पण ताट बघितलं की अंदाज येतो. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आले. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा उद्योग तर १९४० च्या दशकातला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी, जवळजवळ कोरड्या तांदळाइतक्याच. त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. आमच्या घरात नवरात्राचे नऊ दिवस कडक करणारी आत्या दसऱ्याला दरवर्षी म्हणायची, ‘ब्लाउज घट्ट कसा झाला गं?’ आम्ही पोरं तिच्या डब्यातल्या बटाट्याच्या खिसाकडे बघायचो. उपासाला काय चालतं याची यादी तिला तोंडपाठ होती. किती चालतं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

या यादीतलं एक नाव तर नाशिकचंच. भगर. शहरात भगरीच्या गिरण्या आहेत आणि राज्यभराच्या उपासाला त्या पुरवठा करतात. पण इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर आदिवासी शेतकरी जी वरई पिकवतात, ती त्यांचं रोजचं धान्य. त्यांच्या घरी ती कुणी ‘उपासाची’ म्हणत नाही. (जाता जाता: सुटं, जुनं भगरीचं पीठ घेऊ नका. बुरशीमुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्र-शिवरात्रीला येतच असतात.)

आता वजनाचं. माणसांवरच्या चाचण्या उंदरांइतक्या उत्साही नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेत शंभर जणांवर वर्षभर एक दिवसाआडचा उपास तपासला गेला. वजन रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच उतरलं आणि मध्येच सोडणारे उपासवाल्यांत जास्त निघाले, ३८ टक्के. २०२० मध्ये ११६ जणांच्या चाचणीत एका गटाने बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ असं खाल्लं, दुसऱ्याने तीन वेळा. पहिल्या गटाची सरासरी घट एक किलोहूनही कमी, तीन वेळा जेवणाऱ्यांहून फारशी वेगळी नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या चाचणीत सगळ्यांच्याच कॅलरी कमी केल्या. आठ तासांतच खाणाऱ्यांचं वर्षात ८ किलो उतरलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

म्हणजे उपासाने वजन उतरतं, पण ते एकूण खाणं कमी झाल्यामुळे. रात्री आठनंतर फ्रिज उघडायचा नाही एवढ्या एका नियमाने ज्याचं खाणं आटोक्यात येतं, त्याच्यासाठी तो कॅलरी मोजण्यापेक्षा सोपा मार्ग आहे, आणि मला वाटतं यातलं खरं बळ तेच. वेळेचा स्वतंत्र फायदा असलाच तर तो लवकर जेवण्यात दिसतो. २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना दुपारी तीनच्या आत रात्रीचं जेवण उरकायला लावलं, तेव्हा वजन न घटताही इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. आठच माणसं, हेही लक्षात ठेवावं. २०२४ मध्ये आठ तासांत खाणाऱ्यांत हृदयरोगाने मृत्यूचं प्रमाण ९१ टक्के जास्त असल्याची बातमी गाजली. ती लोकांनी दोन दिवसांच्या खाण्याबद्दल सांगितलेल्या माहितीवर बेतलेली होती, त्यामुळे तिच्यावरूनही घाबरायचं कारण नाही. ज्यांनी खरंच सांभाळायचं ते इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणारे. उपासात साखर एकदम उतरते, आणि औषधाचं माप न बदलता नवरात्र धरलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. थंडीत दिंड्या पायी येतात, वाटेवर कुणी राजगिऱ्याचे लाडू हातावर ठेवतं, कुणी साबुदाण्याची खिचडी वाढतं. तिथे सोळा तास कुणी मोजत नाही. पण गावाहून चालत आलेल्या माणसाच्या पोटात ती खिचडी जिरते, कारण तो चालत आलेला असतो.