पांढऱ्यावर पांढरा: एम्बॉसिंग की लगद्याचा छाप?

शिल्पकार आणि छापचित्रकार सोमनाथ होर (1921–2006) यांच्या ‘वूंड्स’ (जखमा) मालिकेतले पांढरे छाप अनेकदा बिनशाईचं एम्बॉसिंग समजले जातात. दोन्हींत उजेड तिरका पडला की आकार उमटतो, म्हणून घोटाळा होतो. पण एम्बॉसिंगमध्ये तयार कागद दाबून उठाव काढला जातो, तर होर यांच्या छापांत कागद लगद्यापासून साच्यातच तयार होतो.

एम्बॉसिंगसाठी जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा आम्लाला खोल खाऊ देतात. कडा कानशीने उतरत्या घासाव्याच लागतात, नाहीतर त्या कागद कापतात. चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅम भरणारा सुती कागद भिजवून, टिपकागदाने जादा पाणी काढून पत्र्यावर ठेवतात, वर नमदे (लोकरीचे जाड थर) घालून प्रेसमधून काढतात. कागद ताणला जाऊन खाचेत उतरतो, म्हणून खाच फार खोल असली की फाटतो.

होर यांनी चिकणमातीच्या किंवा मेणाच्या थराला सुरीने चिरलं, तापलेल्या सळईने डागलं, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्यात कागदाचा लगदा भरला. मातीतली चीर साच्यात उंचवटा होते आणि लगद्यात पुन्हा चीर. जखम जखमच राहते, डावं-उजवंही उलटत नाही. एम्बॉसिंगमध्ये मात्र पत्र्यातली खाच कागदावर उंचवटा होऊन येते, तीही आरशातल्यासारखी उलटी. माझ्या मते ‘वूंड्स’चं सगळं बळ या दुहेरी उलटण्यात आहे.

लगद्याचं काम चिकाटीचं असतं. तो स्पंजने नीट दाबून पाणी काढलं नाही तर वाळताना आकसतो, वाकतो. थर पातळ पडला तर छिद्रं राहतात. घाईने सोडवला तर कडेला तुटतो, आणि साच्याला खालून आत वळलेली खाच असेल तर अडकतो.

ओळखायचं असेल तर मागची बाजू पाहा. एम्बॉसिंगमध्ये पुढच्या उठावाचा खळगा मागे दिसतो आणि बहुधा पत्र्याच्या कडेची चौकटही उमटलेली असते. लगद्याच्या छापात पुढची खोली मागे जशीच्या तशी उतरत नाही, कागदाची जाडीच कमीजास्त असते.

होर यांच्या ब्राँझमध्येही मेणाचे पत्रे चिरणं, दुमडणं, जोडणं हीच पद्धत आहे. फरक एवढाच की तिथे धातू ओतल्यावर साचा फोडावा लागतो, तर सिमेंटच्या साच्यातून पुन्हा छाप काढता येतो.