छडीनंतर गुण का वाढायचे?

“छडी बसली की पुढच्या परीक्षेत गुण वाढायचे, शाबासकी दिली की घसरायचे, म्हणून मार हवाच” हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. चुकतं ते कारण.

गुणांमध्ये तयारीबरोबर योगायोगही असतो: नेमका न वाचलेला धडा येणं, झोप अपुरी होणं, हातचा विसरणं. छडी बसते ती सगळ्यात वाईट पेपरानंतर. इतकं सगळं लागोपाठ बिनसत नाही, त्यामुळे पुढचे गुण मार न देताही नेहमीच्या पातळीकडे परततात. शाबासकी मिळते उत्तम पेपरानंतर. तिथून खाली येण्याचीच शक्यता जास्त.

घरी पडताळून पाहा. दोन फासे टाकून बेरीज लिहा. 4 किंवा कमी आली की फाशांना रागवा आणि पुन्हा टाका. 36 पैकी 30 शक्यतांत बेरीज 4च्या वर जाईल. 10 किंवा जास्त आल्यावर कौतुक करा. तितक्याच शक्यतांत ती 10च्या खाली येईल. दहा-बारा फेकींवर थांबू नका. इतकी कमी बेरीज सरासरी सहा फेकींत एकदाच येते, त्यामुळे निदान शंभर फेकी हव्यात.

खऱ्या गुणांचंही तसंच. तितकेच कमी गुण पडूनही मार न बसलेल्या मुलांचे पुढचे गुण शेजारी ठेवल्याशिवाय श्रेय छडीला देता येत नाही. तळहातावरचा वळ वर्षानुवर्षं आठवतो, पण हातचा कुठे मिळवायचा हे त्या वळातून कळत नाही.