ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर वेगळा, आरएनए-बाइंडिंग प्रोटीन वेगळं

मुंबईतल्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांशी बोलताना नेहमी जाणवतं, 'जीनचं नियंत्रण' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे डीएनएच येतो. आरएनए-बाइंडिंग प्रोटीनचं नाव निघालं तरी ते ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचाच एखादा प्रकार धरून पुढे जातात. साम्य आहेच: दोन्ही प्रथिनं, दोन्ही ठरावीक खुणा ओळखून चिकटणारी, आणि माणसात दोन्हींची संख्या १,५०० च्या आसपास.

ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर केंद्रकात डीएनएवर बसतो आणि जीनवरून आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, किती तयार होणार हे ठरवतो. आरएनए-बाइंडिंग प्रथिनांचं काम त्या आरएनएवरच चालतं. तो कुठे कापून जोडायचा, केंद्रकाबाहेर कधी सोडायचा, किती वेळ टिकू द्यायचा, रायबोसोमला त्यावरून प्रथिन बनवू द्यायचं की नाही, हे सगळं त्यांच्याकडे.

लोहाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. दादर-परळच्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर दिसणारं 'फेरिटिन' म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. पेशीत लोह कमी पडलं की आयआरपी-१ हे आरएनए-बाइंडिंग प्रथिन फेरिटिनच्या एमआरएनएच्या (प्रथिनाचा मजकूर रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या आरएनएच्या) सुरुवातीला असलेल्या एका छोट्या वळशावर जाऊन बसतं. एमआरएनए शाबूत राहतो, पण रायबोसोमची वाट अडते. लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएमध्ये असेच वळसे शेवटाकडे असतात. तिथे आयआरपी-१ बसलं की तो एमआरएनए तुटण्यापासून वाचतो. म्हणजे साठवण बंद, आवक सुरू, आणि दोन्ही एकाच प्रथिनाच्या हातून! लोह पुरेसं झालं की आयआरपी-१ मध्ये लोह-गंधकाचा पुंजका बसतो, आरएनएवरची पकड सुटते आणि ते चक्क अकोनिटेज हे एन्झाइम म्हणून काम करू लागतं.

दोघांतला फरक प्रयोगातही दिसतो. ॲक्टिनोमायसिन-डी देऊन नवा आरएनए बनणं थांबवलं, तरी लोह दिल्यावर फेरिटिन वाढतं. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवरच सगळी भिस्त असती, तर ते वाढलं नसतं.

सीमारेषा मात्र काटेकोर नाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत जिच्यावर वर्षानुवर्षं संशोधन होत आलंय त्या फळमाशीत बायकॉइड नावाचं प्रथिन दोन्ही कामं करतं: डीएनएवर बसून काही जीन चालू करतं आणि कॉडल या जीनच्या एमआरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाही.

१९९५ मध्ये काही कुटुंबांत एक आनुवंशिक आजार नोंदवला गेला. बिघाड फेरिटिनच्या त्या वळशात होता. प्रथिनाचा मजकूर जसाच्या तसा, पण आयआरपीला नीट चिकटता येत नव्हतं. अशा रुग्णांना कमी वयात मोतीबिंदू होतो आणि रक्तात फेरिटिन भरपूर, लोह मात्र नेहमीइतकंच असतं. नुसता फेरिटिनचा आकडा पाहून लोह जास्त झालंय असं समजून रक्त काढत राहिलं, तर त्यांना ॲनिमिया होतो.