पाउंड, एझ्रा : राजकीय भूमिका आणि काव्य

एझ्रा लूमिस पाउंड (३० ऑक्टोबर १८८५ – १ नोव्हेंबर १९७२) या अमेरिकन आधुनिकतावादी कवीचा फॅसिझमला पाठिंबा, ज्यूद्वेष आणि युद्धकाळातील नभोवाणी भाषणे यांमुळे त्याच्या काव्याच्या मूल्यमापनाविषयी निर्माण झालेला वाद. प्रतिमावादाचा (नेमक्या, आटोपशीर प्रतिमांवर भर देणाऱ्या काव्यपंथाचा) प्रवर्तक आणि टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ (१९२२) या काव्याच्या हस्तलिखितावर कात्री चालवणारा त्याचा मित्र म्हणून पाउंड परिचित आहे. प्रस्तुत वाद मुख्यतः ‘कँटोज’ (कँटो म्हणजे सर्ग) या पाउंडच्या दीर्घकाव्याभोवती फिरतो.

या राजकारणाचा उगम अर्थविचारात आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या महायुद्धात त्याचा शिल्पकार मित्र गोदिए-ब्रझेस्का १९१५ मध्ये मारला गेला. युद्धे कोणाच्या फायद्यासाठी होतात, या प्रश्नाने पाउंडला ग्रासले. १९१८ च्या सुमारास लंडनमध्ये संपादक ए. आर. ओरेज याच्या वर्तुळात त्याला मेजर सी. एच. डग्लस भेटला. डग्लसच्या ‘सोशल क्रेडिट’चा गाभा असा : कारखाना मजुरी, पगार, लाभांश या रूपाने व्यक्तींना देतो ती रक्कम अ, कच्चा माल, बँकेचे व्याज वगैरेंपोटी इतर संस्थांना देतो ती ब. मालाची किंमत अ + ब धरून ठरते, ग्राहकांच्या हाती मात्र फक्त अ पडते. ही तूट बँका कर्ज देऊन भरून काढतात आणि समाज कर्जबाजारी होतो. ब मधील पैसाही आधीच्या टप्प्यावर कोणाची तरी मजुरी झालेला असतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. अर्थशास्त्रज्ञांनी सिद्धांत सहसा स्वीकारला नाही. पाउंडने मात्र तो ३८ व्या कँटोत जवळजवळ जसाच्या तसा ओळींत मांडला. पुढे अर्थविचारक सिल्व्हिओ गेसेलची झिजणाऱ्या, म्हणजे ठेवून दिल्यास मूल्य घटत जाणाऱ्या, चलनाची कल्पनाही त्याने उचलली. ऑस्ट्रियातील व्योर्गल गावाने १९३२-३३ मध्ये काढलेल्या अशा नोटांवर दरमहा एक टक्का किमतीचे तिकीट चिकटवावे लागे, त्यामुळे पैसा साठवण्यात अर्थ उरत नसे.

सावकारी सर्व ऱ्हासाचे मूळ, हे सूत्र ४५ व्या कँटोत सर्वांत प्रभावीपणे येते. व्याजखोरी असेल तेथे चांगल्या दगडाचे घर नाही, भाकरी शिळी, चित्र टिकण्यासाठी रंगवलेले नाही, अशी ही शापवाणी आहे. सावकारीपासून ज्यूद्वेषाकडे तो केव्हा वळला, यावर मतभेद आहेत. हा द्वेष कवीच्या कल्पनाविश्वात मुळापासून मुरलेला आहे, असे रॉबर्ट कॅसिलो मानतात; लिऑन सुरेट यांच्या मते तो प्रामुख्याने १९३० नंतर, अर्थविषयक कटाच्या कल्पनांतून वाढत गेला. कालानुक्रम पाहता दुसरे मत अधिक पटते, तरी आरंभीच्या लेखनातही तुरळक पूर्वग्रह आढळतातच. ५२ व्या कँटोतील रॉथस्चाइल्ड या ज्यू बँकर घराण्याविषयीच्या ओळी कित्येक वर्षे काळ्या पट्ट्यांखाली छापल्या जात.

३० जानेवारी १९३३ रोजी पाउंड मुसोलिनीला भेटला. समोर ठेवलेला कवितासंग्रह चाळून मुसोलिनी ‘हे गमतीदार आहे’ असे म्हणाला. या औपचारिक शेऱ्यात पाउंडला मर्मज्ञता दिसली आणि ४१ वा कँटो त्याच उद्गाराने सुरू झाला. १९४१ ते १९४३ या काळात त्याने रोम नभोवाणीवरून शंभराहून अधिक भाषणे केली. रूझवेल्ट, इंग्लंड व ज्यू यांच्यावर त्यांत बेफाम हल्ले आहेत. जुलै १९४३ मध्ये अमेरिकेत त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला.

७२ व ७३ हे कँटो पाउंडने इटालियनमध्ये लिहिले. पहिल्यात इटालियन भविष्यवादी कवी मारिनेत्तीचे भूत बोलते; तो डिसेंबर १९४४ मध्ये वारला, तेव्हा रचना त्यानंतरची असावी. दुसऱ्यात मध्ययुगीन इटालियन कवी काव्हालकांतीचा आत्मा कॅनडियन सैनिकांना सुरुंगांवर नेणाऱ्या रिमिनीच्या मुलीचे गुणगान करतो. संकलित आवृत्त्यांत हे दोन कँटो दीर्घकाळ वगळले गेले आणि ७१ नंतर एकदम ७४ येई.

मे १९४५ मध्ये पकडल्यावर त्याला पिसाजवळच्या अमेरिकन लष्करी छावणीत सुमारे तीन आठवडे उघड्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवले होते. ‘पिसन कँटोज’ (७४–८४) या छावणीत लिहिले गेले. आरंभीच मिलानमध्ये उलटा टांगलेला मुसोलिनी येतो आणि कवी त्याचा शोक करतो. ८१ व्या कँटोत मात्र अहंकार खाली उतरवण्याचे आवाहन आहे. ते स्वतःला उद्देशून की पकडणाऱ्यांना, हे आजही वादग्रस्त आहे. १९४६ मध्ये ज्यूरीने त्याला खटल्यास मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवले आणि १९५८ पर्यंत तो वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात राहिला. रुग्णालयप्रमुख ओव्हरहोल्सर याने त्याला पाठीशी घातले, असा मनोविकारतज्ज्ञ फुलर टोरी यांचा आरोप आहे.

१९४९ मध्ये ‘पिसन कँटोज’ला लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे पहिले बोलिंजन काव्यपारितोषिक मिळाले. काव्यगुणांखेरीज अन्य निकष लावल्यास पारितोषिकाला अर्थ उरणार नाही, अशी समितीची भूमिका होती. सदस्य कार्ल शपिरो याने विरोधात मत दिले. टीका इतकी झाली की लायब्ररी ऑफ काँग्रेसने पारितोषिके देणेच थांबवले आणि बोलिंजन येल विद्यापीठाकडे गेले. कविता आणि मते वेगळी काढण्याचा समितीचा मार्ग पाउंडबाबत मात्र फारसा चालत नाही. तपशील शेजारी शेजारी ठेवायचे, जोडणारा युक्तिवाद गाळायचा, ही त्याची चित्रलिपी-पद्धती अर्थविषयक दाव्यांनाही पुराव्याविना उभे करते. १९७२ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, आपण लक्षणालाच कारण समजलो, खरे कारण लोभ हे आहे, असे त्याने लिहिले. ज्यूद्वेषाचा उल्लेख त्या टिपणात नाही.

भारताशी त्याचा संबंध या राजकारणाच्या आधीचा. १९१२-१३ मध्ये त्याने रवींद्रनाथांवर लेख लिहिले आणि कालीमोहन घोष यांच्या साहाय्याने कबीराची काही पदे इंग्रजीत आणली. ती कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाली. १९६० नंतरच्या लघुनियतकालिकांच्या काळात भारतीय इंग्रजी कवी अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी ‘एझ्रा’ नावाचे नियतकालिक काढले. त्यामागे प्रतिमावादी पाउंड होता.