क्लॅरेंडन मागता आणि रॉकवेल लावता, का?

पुण्यात नवीन कॅफे निघालं की पाटीवर जाड ठोकळेबाज पायांची इंग्रजी अक्षरं येणारच, आणि डिझायनर ऐटीत सांगणार, "व्हिंटेज स्लॅब टाकलाय." बघावं तर रॉकवेल फॉन्ट! जो मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये काढला. जुन्या छापखान्याचा, जाहिरातींचा फील हवा असेल तर तुम्हाला बहुतेक क्लॅरेंडन हा फॉन्ट हवा असतो, तो लंडनचा, टाइपवाल्या रॉबर्ट बेस्लीचा, १८४५ चा.

स्लॅब म्हणजे जाड सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेले पाय, एवढं सगळ्यांना माहितीये, ते सोडा. रॉकवेलच्या कॅपिटल 'ए'च्या डोक्यावर आडवी पट्टी असते, ओळखायला सोपं, पण गोंधळ तिथे होत नाही.

गोंधळ होतो सांध्यात. उभा दांडा जिथे पायाला मिळतो तिथे झूम करून बघा. क्लॅरेंडनमध्ये दांडा खाली येता येता वळत पसरतो आणि त्याचाच पाय होतो, या वळणाला ब्रॅकेट म्हणतात. रॉकवेलमध्ये वळण नाही, सरळ काटकोन, दांड्याखाली फळी ठोकल्यासारखा. आता ब्रॅकेट नाही म्हणजे नवीन असंही समजू नका हं, लंडनच्याच टाइपवाल्या विन्सेंट फिगिन्सचे १८१५ च्या सुमाराचे सुरुवातीचे स्लॅब बिनब्रॅकेटचेच होते. म्हणून सांध्यासोबत रेघही बघायची: क्लॅरेंडनची रेघ जाड-बारीक होत जाते, छोट्या 'ए'ला, 'सी'ला टोकाशी गोल थेंब असतो, रॉकवेलची रेघ जवळपास एकाच जाडीची आणि 'ओ' तर कंपासने काढल्यासारखा. ती सगळी १९३० च्या आसपासची भूमितीवाली फॅशन.

वापरातही हाच फरक येतो. क्लॅरेंडन मुळात ओळीत एखादा शब्द उठून दिसावा म्हणून आला, डिक्शनरीतला ठळक शब्द वगैरे, त्यामुळे तो मोठ्या पाटीवरही शोभतो आणि मेन्यूतल्या छोट्या हेडिंगलाही. रॉकवेल मला किमतीच्या आकड्यांना, पोस्टरवरच्या दोन-तीन शब्दांना आवडतो, पॅराग्राफला अजिबात नाही. पाटीवर शेजारी मराठी मुक्त या देवनागरी फॉन्टमध्ये असेल तर मात्र मी रॉकवेलच घेईन, दोघांची रेघ एकसारखी असल्याने जमतं.

आणि प्लीज, जागा कमी पडली म्हणून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं आडवी दाबू नका. दांडे बारीक होतात, पाय तेवढेच जाड राहतात, आणि पाटी थेट काउबॉय सिनेमाची दिसायला लागते. तसाच लूक हवा असेल तर त्यासाठी प्लेबिल नावाचा फॉन्ट आहे ना, १९३८ पासून, त्यात पाय मुद्दामच दांड्यापेक्षा जाड ठेवलेत. नाहीतर फॉन्टचं कंडेन्स्ड, म्हणजे मुळातच अरुंद काढलेलं रूप घ्या किंवा सरळ नाव दोन ओळीत लिहा.